म्योडलारॉयट : ओढ्याच्या दोन काठांवरचं एकच गाव

म्योडलारॉयट शोधायचं तर नकाशा बराच मोठा करून बघावा लागतो. वस्ती पन्नासच्या आसपास. थोडी शेतघरं, कोठारं, एक डांबरी रस्ता आणि मधून वाहणारा टानबाख नावाचा ओढा. तोही असा, की लांब ढांग टाकली तर माणूस पलीकडे. पण दक्षिणेचा काठ बव्हेरिया राज्यात, ट्योपेन गावाच्या कारभाराखाली. उत्तरेचा काठ थुरिंगिया राज्यात, गेफेल या छोट्या शहराच्या हद्दीत. शीतयुद्धात हीच रेघ पश्चिम आणि पूर्व जर्मनीची सरहद्द झाली, १९६६ मध्ये तिच्यालगत काँक्रीटची भिंत उभी राहिली आणि अमेरिकी सैनिक या गावाला ‘छोटं बर्लिन’ म्हणू लागले.

बसमधून येणारे बहुतेक लोक भिंतीसमोर फोटो काढतात आणि तासाभरात परत फिरतात. त्यांना भिंत दिसते, शीव दिसत नाही. शीव भिंतीच्या दीडशे वर्षं आधीपासून होती आणि भिंत पडल्यावरही जागची हललेली नाही. ती नीट पाहायची तर होफ शहरात दोन रात्री मुक्काम करावा, एक पूर्ण दिवस गावाला द्यावा आणि एक दिवस पायी हिंडायला ठेवावा. पुढचा क्रम त्याच हिशेबाने आहे.

पहिला दिवस : होफ

न्यूर्नबेर्गहून होफला थेट प्रादेशिक गाड्या आहेत. पावणेदोन-दोन तास लागतात. न्यूर्नबेर्ग-एर्लांगेन पट्ट्यात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींना हा शनिवार-रविवारला एक दिवस जोडून सहज जमणारा बेत आहे. ‘डॉइचलांड-टिकिट’ (देशभरच्या स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांचा मासिक पास) असेल तर वेगळं तिकीट काढायचं कारण नाही. ‘बायर्न-टिकिट’ हे एका दिवसाचं तिकीट काढणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात : सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालतं, आणि त्याची सत्ता मुख्यतः बव्हेरियापुरती. होफच्या पुढे शेजारच्या सॅक्सनी राज्यात जायचा विचार असेल तर तिथपर्यंतचं तिकीट चालतं का, ते आधी पाहून घ्या. आणखी एक, या मार्गावरच्या काही गाड्या वाटेत दोन तुकड्यांत विभागतात. फलाटावर होफचं नाव आहे म्हणून कुठल्याही डब्यात शिरू नका. डब्यावरच्या पाटीवर ‘होफ’ आहे का ते पाहा. नाही तर सामानासकट बायरॉयटला उतरण्याची वेळ येते.

होफचं मुख्य स्थानक १८८० चं. बव्हेरियाच्या आणि सॅक्सनीच्या, अशा दोन राजघराण्यांच्या रेल्वे इथं एकमेकींना भेटत. म्हणून लांबलचक इमारतीची एक बाजू बव्हेरियाची आणि दुसरी सॅक्सनीची. समोरच्या चौकात उभं राहून पाहिलं की दोन्ही बाजू एकमेकींच्या प्रतिबिंबासारख्या बांधल्याचं ध्यानात येतं. कुणी कुणापेक्षा कमी दिसू नये, एवढीच काळजी घेतलेली. या मुलखात हद्दी पिढ्यान्‌पिढ्या अशाच सांभाळल्या गेल्या : मानापमान होते, जकात होती, पण माणसांची ये-जा अडत नव्हती.

याच फलाटावर १ ऑक्टोबर १९८९ च्या सकाळी प्राग शहरातून निघालेली पहिली गाडी आली. पश्चिम जर्मनीच्या तिथल्या वकिलातीत आसरा घेतलेले पूर्व जर्मन नागरिक तिच्यात होते. पूर्व जर्मन सरकारने त्यांना जाऊ दिलं, पण गाड्या आपल्याच भूमीवरून जातील अशी अट घातली, म्हणजे हकालपट्टीचा देखावा तरी व्हावा. ड्रेस्डेन, प्लाउएन, गुटेनफ्युर्स्ट आणि मग होफ, असा तो मार्ग. झालं उलटंच. वाटेतल्या शहरांतल्या लोकांनी आपल्या डोळ्यांदेखत माणसं निघून जाताना पाहिली, आणि आठवडाभरातच, ७ ऑक्टोबरला, प्लाउएनमध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले. होफ ते प्लाउएन हा मार्ग आजही चालू आहे. वाटेतलं गुटेनफ्युर्स्ट पूर्वी सरहद्दीचं तपासणी स्थानक होतं. आता आडगावचा थांबा. गाडीतून पाहिलं तर गावाच्या मानाने त्याचा पसारा फारच मोठा वाटतो.

हवेबद्दल आधीच सांगून ठेवायला हवं. होफच्या भागाला बाकीचे बव्हेरियन लोक ‘बव्हेरियाचा सायबेरिया’ म्हणून हिणवतात, आणि त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे. समुद्रसपाटीपासून पाचशे मीटर उंचीचं उघडं पठार, वाऱ्याला अडवायला फारसं काही नाही. म्युनिकमध्ये लोक अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत फिरत असतात तेव्हा इथं मे महिन्यातल्या सकाळी पारा पाच अंशांच्या आसपास असू शकतो. वारा अडवणारं जाकीट आणि कानटोपी ऐन उन्हाळा सोडून कधीही बरोबर असू द्या.

थंडीवरचा स्थानिक उपाय म्हणजे ‘व्हेर्श्टलामो’, गरम वुर्स्ट (मांसाचं सॉसेज) विकणारा माणूस. जुन्या गावठाणातल्या रस्त्यावर तो पितळी भांडं घेऊन उभा असतो. भांड्याच्या तळाशी कोळशाचा निखारा, वर वाफाळतं पाणी. आपल्याकडच्या आंघोळीच्या पाण्याच्या बंबाचा धाकटा भाऊच. झाकण उघडलं की वाफेचा लोट येतो. चिमट्याने वुर्स्ट काढून तो पावात ठेवतो, वर मोहरी लावतो आणि तुम्ही तिथंच उभ्याने खाता. बसायची सोय नाही, घाई मात्र भरपूर. नुसतं बोट दाखवलं तर हवं ते मिळेलच असं नाही, कारण प्रकार पाच-सहा असतात : बारीक विनर, जाडसर बाउअर्न, पांढरा, तिखटसर देब्रेत्सिनर. पैसे सुटे आणि रोख ठेवा. शाकाहारी मंडळींना इथं पाव-मोहरीवरच समाधान मानावं लागेल; त्यांच्यासाठीचा मजकूर पुढे आहे.

दुसरा दिवस : म्योडलारॉयट

होफहून गाव रस्त्याने पंधरा-वीस किलोमीटर. अडचण अंतराची नाही, वाहनाची आहे. बस मोजक्या आणि शाळेच्या वेळांना बांधलेल्या. शनिवार-रविवारी त्यांच्या भरवशावर राहूच नये. तीन मार्ग उरतात. गाडी भाड्याने घ्यावी, होफहून टॅक्सी करावी (परतीची वेळ तेव्हाच ठरवून, कारण गावात टॅक्सी मिळत नाही), नाही तर सायकल. सायकलने सव्वा तास धरा. चढउतार बरेच आहेत, साधी शहरी सायकल घेतलीत तर पाय बोलतील.

ट्योपेन सोडलं की रस्ता शेतांमधून उतरू लागतो. इथंच थांबून समोरचा मुलूख पाहून घ्यावा, कारण एकदा खाली गावात गेलं की हे दृश्य झाकलं जातं. सगळीकडे बुटक्या, गोल माथ्याच्या टेकड्या. खाली स्लेटचा दगड, वर मातीचा पातळ थर. राय, बार्ली, बटाटा, चारा, मे महिन्यात मोहरीच्या कुळातलं पिवळंधमक रापस. अलीकडे बव्हेरियात शेतांचे तुकडे लहान आहेत. पलीकडे थुरिंगियात नजर जाईल तिथवर एकच पीक, मधे बांध नाही. १९५२ पासून १९६० पर्यंत पूर्व जर्मनीत शेतकऱ्यांच्या जमिनी सामुदायिक शेतीत ओढल्या गेल्या, त्याचा हा ठसा आहे. पुढे मालकी परत मिळाली, पण मोडलेले बांध कुणी पुन्हा घातले नाहीत, कारण मोठ्या यंत्रांना तेच सोयीचं. भिंत पाडायला एक दिवस पुरला. बांधांची गोष्ट तशी नाही.

गावातली पहिली पाहण्याची गोष्ट भिंत नव्हे, ओढ्याकाठचा गुडघाभर उंचीचा दगड. एका बाजूला ‘के.बी.’ म्हणजे बव्हेरियाचं राज्य, दुसऱ्या बाजूला ‘एफ.आर.’ म्हणजे रॉइसचं संस्थान. गावाचा कागदोपत्री पहिला उल्लेख १२८९ चा. टानबाख हद्द म्हणून पुढे केव्हा तरी रूढ झाला आणि १८१० मध्ये नेपोलियनच्या काळातल्या नव्या वाटणीनंतर हे दगड रोवले गेले. दगडाच्या माथ्यावरून बोट फिरवलं तर कोरलेली खाच लागते. हद्दीची रेघ ज्या दिशेने पुढे जाते ती दिशा ती दाखवते. दुसऱ्या दगडापर्यंत जायचं असेल तर खाचेकडे बघत चाला.

या दगडांनी गावकऱ्यांचं काही बिघडवलं नाही. शाळा आणि गुत्ता थुरिंगियाच्या बाजूला, चर्च बव्हेरियात ट्योपेनला. मुलं ओढा ओलांडून शाळेत जात, मोठी माणसं संध्याकाळी ओढा ओलांडून बिअर प्यायला, आणि रविवारी सगळे उलट दिशेने प्रार्थनेला. लग्नसंबंध दोन्ही काठांत, शेतंही दोन्ही काठांवर. पहिल्या महायुद्धानंतर राजे गेले, संस्थानं गेली, १९२० मध्ये थुरिंगिया हे एकसंध राज्य झालं. तरी व्यवहार तोच.

१९४५ ला चित्र पालटलं. बव्हेरिया अमेरिकेच्या ताब्यात राहिला; थुरिंगिया आधी अमेरिकी फौजांनी घेतला होता, पण जुलैमध्ये ठरल्याप्रमाणे तो सोव्हिएत फौजांच्या हवाली झाला. दोन लष्करी अंमलांमधली रेघ म्हणजे तो १८१० चाच दगड. १९४९ मध्ये दोन जर्मन देश जन्माला आले आणि ओढ्याचे दोन काठ दोन देशांत गेले. तरी पास दाखवून काही काळ ये-जा होत होती. ती खऱ्या अर्थाने बंद झाली २६ मे १९५२ च्या हुकमाने. पाच किलोमीटरचा प्रतिबंधित पट्टा, त्यात सरहद्दीला लागून पाचशे मीटरचा ‘संरक्षक पट्टा’, आणि अगदी रेघेवर दहा मीटर रुंदीची नांगरलेली जमीन, पाऊल पडलं की ठसा उमटावा म्हणून. जूनमध्ये ‘अविश्वासू’ ठरवलेल्या कुटुंबांना घरं सोडायला लावून आतल्या मुलखात हलवण्यात आलं. त्या मोहिमेला सरकारी कागदांत दिलेलं नाव होतं ‘कीड’. हा शब्द वाचल्यावर बाकीचं सांगायची गरज राहत नाही.

गावात आधी माणसाच्या उंचीचं लाकडी कुंपण आलं, मग काटेरी तारा, आणि १९६६ मध्ये सुमारे सातशे मीटर लांब, तीन मीटरहून थोडी जास्त उंच भिंत. गंमत अशी, की त्याच वर्षाच्या डिसेंबरात इथून थोड्याच अंतरावर, रुडोल्फश्टाइनला, महामार्गावरचा नदीपूल पुन्हा सुरू झाला. युद्धाच्या शेवटी तो उडवलेला होता आणि दोन्ही जर्मन सरकारांनी करार करून तो बांधला. पश्चिम बर्लिनला जाणाऱ्या वाहतुकीसाठी पूल हवा होता, गावकऱ्यांसाठी फाटकही नको होतं.

भिंत कशी वाचायची

आता संग्रहालय. खुल्या आवारात मूळ भिंतीचा सुमारे शंभर मीटरचा तुकडा जागेवर आहे, टेहळणी मनोरा आहे, जाळीचं कुंपण आहे. पण बव्हेरियाच्या बाजूने आत शिरलं की सगळं उलट्या क्रमाने दिसतं. ही बांधणी पश्चिमेकडून येणाऱ्याला रोखण्यासाठी नव्हती, पूर्वेकडून पळणाऱ्याला रोखण्यासाठी होती. म्हणून आधी सरळ थुरिंगियाच्या टोकाला जा आणि तिथून ओढ्याकडे चालत या. आतल्या मुलखातून येणाऱ्याला काय काय लागत असे ते त्या क्रमाने समजतं.

सर्वांत आधी पाच किलोमीटरवरचं नाकं. ओळखपत्रावर खास शिक्का नसेल तर तिथूनच परत. मग पाचशे मीटरच्या पट्ट्याच्या तोंडाशी संकेत देणारं कुंपण. त्याच्या तारांमधून कमी दाबाची वीज सोडलेली असे. तार तुटली किंवा दुसऱ्या तारेला टेकली की चौकीत घंटा. त्यापुढे गस्तीच्या गाड्यांसाठी छिद्रांच्या काँक्रीट पट्ट्यांचा रस्ता. मग नांगरलेली जमीन. मग गाडी अडवणारा चर. या चराचा काप निरखून पाहा : पूर्वेचा उतार सपाट आणि मातीचा, पश्चिमेची बाजू सरळ उभी आणि काँक्रीटने मढवलेली. पूर्वेकडून आलेली गाडी सहज खाली उतरते आणि समोरच्या उभ्या भिंतीवर आदळते. चर कुणासाठी खणला होता, याचं उत्तर त्या कापातच आहे. वाद घालणाऱ्याला इथं उभं करावं.

शेवटी जाळी किंवा भिंत. उघड्या मुलखात तीन मीटरहून उंच लोखंडी जाळी असे. तिची छिद्रं मुद्दाम इतकी बारीक, की बोटाचं टोक धड अडकत नाही आणि कडा धारदार. वस्तीत जाळीऐवजी भिंत, कारण जाळीतून पलीकडचं दिसतं. काही भागांत १९७० नंतर जाळीवर आपोआप उडणारी छर्‍यांची यंत्रं बसवली होती. ती १९८४ पर्यंत काढली गेली.

आणि भिंतीनंतरही सरहद्द संपत नसे. खरी रेघ ओढ्यात होती, भिंत तिच्यापासून काही पावलं आत. भिंत आणि ओढा यांच्यामधली हिरवळ पूर्व जर्मनीचीच. पश्चिमेकडच्या हौशी पाहुण्याने ओढा ओलांडून भिंतीला हात लावला तर तो परदेशात बेकायदा शिरलेला असे, आणि भिंतीतल्या छोट्या दारातून सैनिक बाहेर येऊ शकत. बव्हेरियन सीमा पोलीस म्हणूनच पाहुण्यांना काठावरच थोपवत. ओढ्याकाठी काळा-लाल-सोनेरी पट्ट्यांचा खांब दिसेल तो पूर्व जर्मनीचा, निळा-पांढरा बव्हेरियाचा.

थुरिंगियाकडचं सगळं गाव पाचशे मीटरच्या पट्ट्यात बसत होतं. म्हणजे नातेवाईकांनाही घरी यायचं तर आगाऊ परवाना. पश्चिमेच्या माणसाला तो मिळत नसेच. रात्री झोतदिव्यांनी भिंतीची बाजू उजळलेली. पलीकडे सख्खी बहीण उभी राहून हात हलवत असली तरी उत्तरादाखल हात हलवायची मनाई. पश्चिमेकडचे हात हलवू शकत होते आणि वर्षानुवर्षं हलवत राहिले. १९७३ मध्ये एकाने गाडीतून शिडी आणून भिंत ओलांडली. असं धाडस इथं यशस्वी झाल्याचं सहसा ऐकू येत नाही.

१९८३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) हे गाव पाहायला आले होते. अशा भेटींनी गाव प्रसिद्ध झालं, फाटक मात्र उघडलं नाही. बर्लिनमध्ये ९ नोव्हेंबर १९८९ ला वाट मोकळी झाली. इथं पादचाऱ्यांसाठी भिंतीला खिंडार पडायला ९ डिसेंबर उजाडला. सदतीस वर्षांनी शेजारी शेजाऱ्याकडे चालत गेला. १७ जून १९९० ला यंत्राने भिंत पाडायला घेतली. तेव्हा काही गावकऱ्यांनी आणि आसपासच्या मंडळींनी थोडा भाग राखायचा आग्रह धरला आणि त्याच वर्षी संग्रहालयाची संस्था स्थापन झाली. सगळीच भिंत नको होती, हे समजण्यासारखं आहे. पण ते शंभर मीटर राहिले नसते तर आज इथं एक सुबक, झोपाळू खेडं असतं आणि पुढच्या पिढीला सगळं ऐकून खरं मानावं लागलं असतं.

काही व्यवहाराच्या गोष्टी. संग्रहालयाच्या वेळा ऋतूनुसार बदलतात. सोमवार टाळावा, जर्मनीत बहुतेक संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात. माहितीपट असेल तर तो आधी बघा, मग बाहेर पडा. आवारासाठी किमान दोन तास, आतल्या प्रदर्शनासाठी वेगळा दीड तास. आवार उघड्यावर आहे, जमीन पावसात चिखल होते. बूट पक्के हवेत. गटाने जाणार असाल तर मार्गदर्शकासाठी आधी विचारून ठेवा. मार्गदर्शक सांगतो त्यातला सगळ्यांत कामाचा भाग म्हणजे कुठलं घर कुणाचं होतं आणि कुठं आता नुसतं गवत आहे. सरहद्दीला खेटून असलेली घरं पाडून टाकली जात, आणि ती रिकामी जागा परक्या माणसाला दिसूनही कळत नाही.

जेवणाची पंचाईत होऊ शकते. आडगावच्या खानावळी सोमवारी-मंगळवारी बंद, दुपारी दोन ते पाच चूल बंद, आणि कार्ड चालेलच असं नाही. बरोबर पाव, फळं, पाणी ठेवा. थुरिंगियाच्या बाजूला जेवायला मिळालं तर ‘क्ल्योसं’ चुकवू नका. दोन भाग कच्चा किसलेला बटाटा घट्ट पिळून, एक भाग शिजवलेला बटाटा, मधोमध तळलेल्या पावाचे तुकडे आणि उकळू न देता गरम पाण्यात शिजवलेला मुठीएवढा गोळा. पाणी खळखळलं की गोळा फुटतो, म्हणून आच मंद. गोळा शाकाहारी, पण त्यावरचं कालवण बहुधा मांसाचं. अळंब्यांचं कालवण मागा आणि ‘ओहनं श्पेक’ म्हणजे डुकराची चरबी न घालता, हे स्पष्ट सांगा. अळंब्यांतही ती गुपचूप असते. बटाट्याचं या मुलखाशी नातं जुनं आहे : होफ जिल्ह्यातच रेहाउजवळच्या पिलग्राम्सरॉयट गावी १६४७ मध्ये शेतात बटाटा लावल्याची नोंद आहे.

तीच रेघ, आजची

३ ऑक्टोबर १९९० ला देश एक झाला, गाव नाही झालं. दोन राज्यं, दोन जिल्हे, दोन महापौर, दोन पिनकोड. गाड्यांच्या पाट्यांवर अलीकडे ‘एच.ओ.’, पलीकडे ‘एस.ओ.के.’. फोनचे विभाग क्रमांक वेगळे, त्यामुळे साध्या फोनवरून समोरच्या घराशी बोलायचं तरी आधी परगावचा क्रमांक फिरवायचा. नमस्कार म्हणायचं तर बव्हेरियाकडे ‘ग्र्यूस गोट’, थुरिंगियाकडे ‘गुटन टाग’. शाळांच्या सुट्ट्या वेगळ्या. २०२० मध्ये साथीचे नियम राज्याराज्याचे निराळे होते तेव्हाही रेघ ओढ्यातूनच गेली.

प्रवाशाला याचा थेट उपयोग आहे. ६ जानेवारी, कॉर्पस क्रिस्टी या ख्रिस्ती सणाचा गुरुवार आणि १ नोव्हेंबर हे दिवस बव्हेरियात सुट्टीचे, दुकानं बंद, थुरिंगियात चालू. २० सप्टेंबर आणि ३१ ऑक्टोबर उलट. सुट्टीच्या दिवशी अडलंच तर पलीकडच्या राज्यात खरेदी करता येते, आणि होफकडची मंडळी ते बिनदिक्कत करतात. रविवारी मात्र दोन्हीकडे सारखीच शांतता.

हे सगळं गैरसोयीचं वाटतं, पण गाव एकाच राज्यात टाकावं असा आग्रह फारसा दिसत नाही. १८१० च्या दगडांशी लोकांचं भांडण कधीच नव्हतं. दोन कचेऱ्या चालतात. दिवा लावून बसलेला पहारेकरी चालत नाही.

तिसरा दिवस : गस्तीच्या वाटेने हिर्शबेर्ग

टानबाख पश्चिमेकडे वाहत जाऊन हिर्शबेर्गजवळ झाऽले नदीला मिळतो. गावापासून तिथवर सहा-सात किलोमीटर. आरामात दोन-अडीच तास. झाऽले फिश्टेलगेबिर्ग डोंगरात उगम पावते. त्याच डोंगरातून माइन ऱ्हाइनकडे जाते, नाब डॅन्यूबकडे, एगर बोहेमियाकडे, आणि झाऽले उत्तरेला ४१३ किलोमीटर वाहून एल्ब नदीत शिरते. म्हणजे म्योडलारॉयटच्या ओढ्याचं पाणी शेवटी हॅम्बर्गवरून उत्तर समुद्रात.

वाटेत जुन्या गस्ती रस्त्याचे तुकडे लागतात. दोन समांतर रांगांत ठेवलेल्या काँक्रीटच्या पट्ट्या, प्रत्येकीत आयताकृती छिद्रांच्या ओळी. छिद्रांत आता गवत उगवलंय, त्यामुळे खोली कळत नाही. चालताना पाऊल पूर्ण पट्टीवर टाका, टाच छिद्रात गेली की घोटा मुरगळतो. पावसानंतर शेवाळाने त्या निसरड्या होतात. सायकलवाल्यांनी अरुंद टायर आणू नयेत. पुढचं चाक छिद्रात बसतं आणि मणक्याला प्रत्येक पट्टी कळते. दोन रांगांच्या मधल्या गवतातून चालवणं त्यापेक्षा बरं.

आणखी सावधगिरी : गोचीड. बव्हेरियाचा जवळजवळ सगळा भाग आणि थुरिंगियाचा हा पट्टा मेंदूज्वराच्या जोखमीच्या यादीत आहे. उंच गवतात पूर्ण लांबीची विजार, मोजे विजारीवर ओढून. रात्री गुडघ्यामागे, काखेत, कंबरेपाशी नीट तपासावं. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, तेल-तूप लावत बसायचं नाही.

या गवतालाही इतिहास आहे. ठशांसाठी नांगरलेली ती पट्टी सोडली तर १,३९३ किलोमीटरच्या सरहद्दीवर चार दशकं ना नांगर फिरला, ना खत पडलं. बाकी शेतीतून हाकलले गेलेले पक्षी इथं टिकले. व्हिन्चॅटसारखा नारिंगी छातीचा चिमुकला पक्षी, जो सुकलेल्या काडीच्या टोकावर बसून किडे टिपतो. काइ फ्रोबेल या निसर्ग अभ्यासकाने तरुणपणीच, कोबुर्गच्या भागात सरहद्दीकाठच्या पक्ष्यांच्या नोंदी करताना हे पाहिलं होतं. आणि ज्या दिवशी म्योडलारॉयटच्या भिंतीला खिंडार पडलं, त्याच ९ डिसेंबर १९८९ ला होफमध्ये दोन्ही जर्मनींतले निसर्गप्रेमी एकत्र जमले आणि हा सगळा पट्टा ‘हिरवा पट्टा’ म्हणून राखावा असा ठराव झाला. लोक भिंत फोडण्याच्या आनंदात असताना कुणाला तरी तिच्या पायथ्याचं गवत सुचलं. २०१८ मध्ये थुरिंगियाने आपल्या हद्दीतला पट्टा राष्ट्रीय नैसर्गिक स्मारक म्हणून जाहीर केला. बरेच तुकडे मधल्या काळात शेतीत गेले, तेही वाटेत दिसतातच : झुडपांची ओळ अचानक तुटते आणि रापस सुरू होतं.

पूर्वेकडे चालायचं असेल तर बव्हेरिया, थुरिंगिया आणि सॅक्सनी यांच्या तिठ्यावरचा दगड काही किलोमीटरवर आहे. रानातल्या खुणा पाहत जावं लागतं. निवड करायची तर हिर्शबेर्ग बरं, कारण तिथं नदी आहे आणि गावही.

हिर्शबेर्ग नदीकाठच्या कड्याखाली वसलंय, वर जुना वाडा. हे गाव चामड्यावर जगत होतं. बुटांच्या तळव्यांचं चामडं करणारा अवाढव्य कारखाना अगदी नदीला लागून उभा होता, आणि पलीकडचा काठ बव्हेरियाचा. म्हणजे कामगाराच्या खिडकीबाहेर सरहद्द. एकीकरणानंतर बाजार गेला, कारखाना बंद पडला आणि बहुतेक इमारती पाडल्या गेल्या. आता तिथं मोकळं उद्यान आहे. उरलेल्या भागात चामडं कमावण्याचं आणि गावाच्या इतिहासाचं छोटं संग्रहालय. ते थोडेच दिवस उघडं असतं, आधी चौकशी करून जा. ओक-स्प्रूसच्या सालीत कातडं महिनोन्‌महिने मुरवायची जुनी पद्धत तिथं समजून घेता येते. म्योडलारॉयटने पन्नास माणसांच्या गावाला भिंतीने काय केलं ते दाखवलं. हिर्शबेर्ग दाखवतं की भिंत पडल्यावरही सगळ्यांचं भलंच झालं असं नाही. दोन्ही बघितल्याशिवाय या मुलखाबद्दल ठाम बोलू नये.

परतीसाठी हिर्शबेर्गच्या पुलावरून बव्हेरियात या. पुलावर हद्दीच्या पाट्या आहेत, थांबवणारं कुणी नाही, पण पासपोर्ट किंवा निवास परवाना खिशात असावाच. जर्मनीत परदेशी माणसाने तो जवळ बाळगणं अपेक्षित असतं. होफकडे जाणारी बस शेवटची कधी आहे, ते सकाळीच बघून ठेवा, आणि ती राज्याच्या कुठल्या बाजूच्या वेळापत्रकात आहे तेही. दोन राज्यांच्या परिवहन संस्था वेगवेगळ्या आहेत, आणि एकीच्या फलकावर दुसरीची बस बहुधा लिहिलेली नसते.